शहाण्णव हिरव्या, दोन तांबड्या

बाबा गेल्यानंतर नवव्या दिवशी त्यांच्या वसाहतीकडून मला पत्र आलं. गेल्या चौदा महिन्यांत मी वडिलांना भेटायला अठ्ठ्याण्णव वेळा गेले, असं त्यात लिहिलं होतं. त्यांपैकी शहाण्णव भेटी बिनचूक जुळतात, दोन भेटी संशयास्पद आहेत. त्या दोन दिवशी माझ्या नावावर दुसरंच कुणीतरी आत गेलं असावं. तरी मी समक्ष येऊन खुलासा करावा, म्हणजे फ्लॅट रिकामा करण्याची परवानगी देता येईल.

पत्र मी आत्याच्या स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं. मग खालच्या तारखा पाहिल्या. संशयास्पद भेटी: बारा जून आणि दिवाळीचा पाडवा.

चौदा महिन्यांत मी दोनदाच गेले होते. बारा जूनला आणि पाडव्याला.

"काय म्हणतायत गं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. सही पाहिजे त्यांना."

मी बंगळुरूला एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. बाबा, मधुसूदन कुर्डूकर, सोलापूरच्या जकात नाक्यावर कारकून होते. जकात बंद झाल्यावर शेवटची काही वर्षं त्यांनी महापालिकेच्या करखात्यात काढली आणि निवृत्त झाले. आई गेल्यावर त्यांनी स्वतःच अक्कलकोट रस्त्यावरची 'स्वस्थ निवास' ही ज्येष्ठांची वसाहत शोधली आणि मला फक्त कळवलं. मार्चमध्ये एका दुपारी ते तिथेच खुर्चीत गेले. मी बंगळुरूहून थेट दवाखान्यात पोचले आणि तिथूनच त्यांना स्मशानात नेलं. त्यानंतर वसाहतीत माझं पाऊल पडलं नव्हतं.

पत्र वाचून मला सगळ्यात आधी आईच्या पाटल्या आठवल्या. त्या बाबांच्या कपाटात होत्या. बाबा त्यानंतर आठवले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

वसाहतीच्या फाटकातून आत जायला काचेची एक अरुंद गल्ली आहे आणि तिच्या जमिनीवर काळ्या रबराची पट्टी. त्या पट्टीवरून बारा पावलं चालायची, एवढंच. चेहऱ्याची आणि आवाजाची नक्कल करणं कुणालाही जमायला लागल्यापासून अशा ठिकाणी चेहरा विचारात घेत नाहीत, चाल घेतात. पाऊल कुठल्या कडेनं आधी टेकतं, टाच किती वेळ राहते, दोन पावलांत अंतर किती, शरीराचा कल कुठे, हे सगळं पट्टीला कळतं. निकटच्या नातेवाइकाची चाल जुळली की हिरवा दिवा लागतो. त्याला हिरवा बिल्ला असतो, कितीही वेळ थांबा, कुणी काही विचारत नाही. बाकीच्यांनी ओळखपत्र स्कॅन करायचं, कारण सांगायचं आणि गळ्यात करडा बिल्ला घालायचा. तो चाळीस मिनिटांत वाजायला लागतो.

मी बारा पावलं चालले. दिवा लाल लागला.

"परत चाला," पहारेकरी माझ्याकडे न बघता म्हणाला. छातीवर नाव होतं, सिद्राम कोरे. जूनमध्ये आणि दिवाळीत हाच होता. तेव्हा दिवा पिवळा लागल्याचं मला आठवत होतं. यानं घाईघाईनं एक बटण दाबलं होतं आणि मला आत सोडलं होतं.

पुन्हा चालले. पुन्हा लाल.

"मी मृणाल कुर्डूकर. सी विंगमधल्या मधुसूदन कुर्डूकरांची मुलगी."

"मशीन नाही म्हणतंय," तो म्हणाला. "कार्ड द्या, करडा देतो."

"तुम्ही तर मला ओळखता."

त्यानं कार्ड स्कॅनरवर ठेवलं. नातं लिहायच्या जागी क्षणभर थांबला आणि काहीच न लिहिता पुढे गेला. बिल्ला माझ्या हातात न देता त्यानं खिडकीच्या कठड्यावर सरकवला.

सी विंगच्या जिन्याशी एक बाई तुळशीच्या कुंडीतली माती उकरत होत्या. बडवे काकू म्हणून बाबा ज्यांची नक्कल करायचे, त्या याच असाव्यात. त्यांनी माझ्या करड्या बिल्ल्याकडे पाहिलं.

"कुर्डूकरांकडे का? ते गेले हो."

"माहीत आहे."

"नात्यातल्या तुम्ही?"

"हो."

"मग मुलीला भेटला असालच. फार मायेची पोर. सोमवार-गुरुवार म्हणजे सोमवार-गुरुवार, ऊन नाही की पाऊस नाही. मी आमच्या सुहासला फोनवर सांगते, अरे बघ जरा, मुलगी असून..." त्या थांबल्या. "तिचं बोलणं जरा तेलुगू वळणाचं वाटायचं मला. बंगळुरूला राहून होत असेल नाही तसं?"

"बंगळुरूला कानडी बोलतात," मी म्हणाले आणि वर न जाता ऑफिसकडे वळले.

मॅनेजर बार्शीकर पस्तिशीचे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी पाणी मागवलं, मग पडदा माझ्याकडे फिरवला. हिरव्या ओळींची लांबलचक यादी आणि तिच्यात दोन तांबड्या.

"मला फाटकावर लाल दिवा लागला," मी म्हणाले.

"होतं तसं. कार्डावरून तुम्ही त्याच आहात, त्यात प्रश्न नाही. पण शोकात माणूस वेगळं चालतं. आम्हाला हे बऱ्याचदा दिसतं. काही दिवसांनी येईल जागेवर."

"आणि म्हातारपणानं, आजारपणानं चाल कायमचीच बदलली तर?"

हा प्रश्न त्यांना आवडला. "यंत्र शिकतं ना. दर मान्य भेटीनंतर जुन्या नमुन्याचे पंच्याण्णव भाग ठेवतं आणि आजच्या चालीचे पाच भाग त्यात मिसळतं. चप्पल बदला, वजन वाढू द्या, ते तुमच्याबरोबर हळूहळू बदलत जातं. नव्या माणसाला सुरुवातीचे काही आठवडे सवलतही देतं. शंका असेल तर पिवळा दिवा लागतो आणि पहारेकऱ्याला विचारतं, ओळखता का? त्यानं हो म्हटलं की तीही भेट मान्य."

"आणि तिचेही पाच भाग मिसळतात."

"अर्थात."

"या दोन भेटी तेव्हाच का नाही अडवल्या?"

"तेव्हा पहारेकऱ्यानं हो म्हटलं होतं. रहिवासी वारला की आम्ही सगळ्या भेटी शेवटच्या नमुन्याशी उलट ताडून बघतो. त्यात या दोन बाजूला पडल्या." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "या दोन दिवशी आलेली स्त्री मी नव्हते, एवढं निवेदन द्यायचं. चोरी-बिरी काही नाही ना? मग विषय संपला. किल्ली तुमची."

"आणि या दोन माझ्याच होत्या असं म्हणाले तर?"

"मग बाकीच्या शहाण्णव दुसऱ्या कुणाच्या ठरतात. म्हणजे तोतया. म्हणजे पोलीस. ती बाई, तिला आत सोडणारा पहारेकरी, सगळंच." ते हसले. "पण तसं काही नाहीये."

त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी यादी नीट वाचली. पावसाळ्यानंतरचे काही महिने आठवड्याला एकच भेट, बाकी दोन-दोन. प्रत्येक हिरवी भेट पाऊण तासापासून तासाभराची. शेवटची सतरा मार्चची, सकाळी नऊ चाळीस ते नऊ एक्कावन्न. अकरा मिनिटं. त्याच दिवशी साडेबाराला बाबा गेले होते.

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," मी म्हणाले. बार्शीकरांनी बिल्ल्याची वेळ वाढवून तासाभरासाठी किल्ली दिली.

बाबांच्या फ्लॅटमध्ये सगळं जागेवर होतं. पाटल्या कपाटात, जुन्या उपरण्यात गुंडाळलेल्या. दाराजवळच्या खिळ्याला एक हिरवा बिल्ला लटकत होता, त्यावर माझं नाव. बाबा राहायला आले तेव्हा, या चौदा महिन्यांच्या आधी, मला पट्टीवर चालवून माझी नोंद झाली आणि तो मला दिला होता. मीच म्हणाले होते, तुमच्याकडेच ठेवा, मला कुठे रोज यायचंय. दोन्ही वेळा ते मला घ्यायला फाटकापर्यंत आले होते, हातात तो बिल्ला घेऊन. मला वाटलं होतं, लेकीसाठी आले. आता वाटलं, सिद्रामनं काही घोळ घालू नये म्हणून आले असतील.

मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि पत्राच्या पाठीवर आकडेमोड केली. दर भेटीला पंच्याण्णव टक्के. चौदा भेटींनंतर यंत्रातली मी निम्म्याहून कमी उरले होते. चाळीस भेटींनंतर, म्हणजे जूनच्या सुमारास, तेरा टक्के. साठ भेटींनंतर पाचसुद्धा नाही. माझं नाव तसंच ठेवून आतून कुणीतरी माझी माती काढत गेलं होतं आणि दुसरी भरत गेलं होतं. हे घाईनं करता आलं नसतं. ज्यानं हे योजलं त्याला यंत्र कसं शिकतं ते ठाऊक होतं, आणि वाट बघायची सवय होती.

न्हाणीघरात एक बुटकं स्टूल आणि दोन टब होते. खिडकीत सलाइनच्या बाटल्या. चिवड्याचा डबा उघडला तर त्यात गॉजच्या गुंडाळ्या, चिकटपट्टी, कात्री. दाराआड बाबांच्या चपला होत्या. उजव्या चपलेचा पट्टा कापून रुंद केलेला.

जूनमध्ये ते लंगडत होते. "चप्पल चावली," म्हणाले होते. पाडव्याला मी त्यांना ओवाळलं तेव्हा पाटावर बसायला तयार झाले नाहीत, खुर्चीतच बसले, पायांत जाड मोजे घालून. सोलापुरात, त्या उकाड्यात. "गुडघा वाकत नाही गं." त्यांना पंचवीस वर्षांचा मधुमेह होता. मी विचारलं नाही. मला गाडी गाठायची होती.

दोन वाजता सिद्रामची पाळी संपली. मी रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर उभी होते. त्यानं मला पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यापासून दोन हात लांब येऊन उभा राहिला.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"साहेबांना शब्द दिलाय, ताई."

"साहेब गेले. मी उद्या बार्शीकरांना काहीतरी लिहून देणार आहे. काय लिहायचं ते मला ठरवू दे."

त्यानं टोपी काढून डोकं पुसलं. "पायाला जखम हुती त्यांच्या. नर्सबाई करड्या बिल्ल्यावर आली तर कारण लिहावं लागतंय. ड्रेसिंग लिहिलं की ते जातंय तब्येतीच्या फाइलीत. आठवड्याला दोनदा ड्रेसिंग म्हटलं की हलवतात मागच्या इमारतीत. तिथं एका खोलीत चार खाटा. गेला तो परत आला असं मी तरी बघितलं न्हाई. साहेब म्हणाले, सिद्राम, मला तिथं जायचं नाही."

"म्हणून माझ्या नावावर आणली."

"बाई तुमच्याच अंगाची, तुमच्याच उंचीची बघितली त्यांनी. चार जणी बघितल्या, मग ही घेतली. पहिले दीड-दोन महिने पिवळा लागायचा. साहेब म्हणायचे, दाब, जकात नाक्यावर आम्ही असंच करायचो. रोजची गाडी असली की नवीन माणूस अडवायचा, आम्ही म्हणायचो सोड, ओळखीची आहे. महिन्याभरानं तो स्वतःच सोडायचा. यंत्र काय, नवीन माणूसच आहे, म्हणाले." तो हसला आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "मग लागायला लागला हिरवा. आणि तुम्ही आला तेव्हा पिवळा. मी घाईनं दाबलं बटण, ताई."

"सतरा तारखेला ती अकरा मिनिटांत का गेली?"

"ते मला न्हाई माहीत. गेली ती वर न बघता गेली. रडत हुती का रागात, कळलं न्हाई."

त्यानं पत्ता दिला. पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत.

घरं एकाला एक चिकटलेली आणि कुठल्या तरी मागच्या खोलीत माग चालू होता, त्याची थाप भिंतीतून ऐकू येत होती. दार साखळी लावूनच उघडलं. फटीतून एक बाई दिसली. चाळिशीची, माझ्याच उंचीची. मला उगाच आरशाची कल्पना सुचली. पण चेहरा अजिबात माझ्यासारखा नव्हता.

"लावण्या येमूल?"

"तुम्ही कोण?"

"मृणाल कुर्डूकर."

तिनं साखळी काढली नाही. "कशावरून?"

"म्हणजे?"

"कार्ड दाखवा. आजकाल कोणीबी येऊन काहीबी सांगतंय."

मी ओळखपत्र फटीतून आत दिलं. तिनं ते उलटसुलट करून वाचलं, फोटो पाहिला, मला पाहिलं. मग साखळी काढली.

"बसा. चहा ठेवत नाही. पोलीस आणलेत का?"

"नाही."

"आणणार?"

"ते विचारायलाच आलेय. सतरा तारखेला काय झालं?"

"थेट त्याच्यावरच आलात." ती समोर बसली, साडीच्या पदरानं हात पुसले, ते कोरडेच होते. "चौदा महिन्यांचं काही नाही, अकरा मिनिटांचं विचारायलात."

"चौदा महिन्यांचं मला समजलं. अकरा मिनिटांचं नाही समजलं."

"दोन बोटं काळी पडली होती," ती म्हणाली. "गुरुवारी नव्हती, सोमवारी होती. मी म्हणाले, आजोबा, आता खेळ संपला. एक तर डॉक्टरला बोलावते, नाहीतर तुमच्या पोरीला. ते म्हणाले, बोलाव. पण आधी बिल्ला दे. मी दिला. त्यांनी खिळ्याला अडकवला आणि म्हणाले, आता तू कोणी नाहीस, जा. मी म्हणाले, मी आधीबी कोणी नव्हते. गेले."

"डॉक्टरला बोलावलं?"

"कोण म्हणून बोलावू? मी तिथं कोण होते?"

"मला फोन करायचा. नंबर होता ना?"

"होता की. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता त्यांनी. रिक्षात बसून हातात फोन घेतला होता मी." तिचा आवाज चढला. "तुम्ही विचारलं असतं, कोण बोलतंय. काय सांगणार होते? मृणाल बोलतेय म्हणून?"

भिंतीपलीकडे माग चालूच होता.

"म्हटलं, संध्याकाळी करू," ती खाली बघून म्हणाली. "संध्याकाळी सिद्रामचाच आला."

हार्ट अटॅक, असं दवाखान्यानं लिहिलं होतं. पायाचा उल्लेख एका ओळीत होता आणि मी तो वाचूनही सोडून दिला होता. काळ्या बोटांचं विष हृदयापर्यंत पोचलं होतं की त्यांचं हृदय तसंही त्या दिवशी थांबणार होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. ती खरं बोलत होती की अकरा मिनिटांना शोभेल अशी गोष्ट सांगत होती, हेही नाही. बिल्ला खिळ्यावर होता खरा. पण बिल्ला कुणीही खिळ्याला अडकवू शकतं.

"माझ्याबद्दल काय बोलायचे?" मी विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं.

"खरं सांगू, का बरं वाटेल ते?"

"खरं."

"काही नाही बोलायचे. मी बोलायचे. पाय धुताना म्हणायचे, कसली हो तुमची पोरगी, चांगली शिकलेली म्हणता. शिव्याबी दिल्यात मी तुम्हाला, आता तोंडावर सांगते. ते एवढंच म्हणायचे, तिच्या नावावर बोट ठेवू नकोस, तू तिच्याच नावावर आत येतेस."

मी उठले. ती दारापर्यंत आली.

"काय लिहिणार उद्या?"

"माहीत नाही."

"खरं लिहायचं तर लिहा," ती म्हणाली. "मी काही हातापाया पडणार नाही. नर्सचं लायसन जाईल, जाऊ दे. पण मी काय चोरलं ते बी लिहा त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बार्शीकरांच्या समोर बसले. निवेदन नुसतं लिहून चालत नाही, बोलूनही द्यावं लागतं. यंत्र एकेक प्रश्न विचारतं आणि उत्तर साठवून ठेवतं.

"बारा जून," पडद्यावरचा बाईचा आवाज म्हणाला. "भेटीचा काळ दोन तास दहा मिनिटं. ही भेट आपली होती का?"

त्या दिवशी बाबांनी मला फळ्यांवरची जुनी पुस्तकं एकेक काढून दाखवली होती. कुठलं कोणाला द्यायचं ते सांगितलं होतं. मी म्हणाले होते, आत्तापासून काय हे. त्यांनी ऐकलं नाही. मी एका कागदावर यादी केली होती आणि तो कागद नंतर हरवला.

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. मग शहाण्णव वेळा धुतलेला एक पाय तक्रार क्रमांक झाला असता, आणि बाबा, ज्यांनी हे सगळं योजलं, ते फसवले गेलेले वृद्ध. त्या बाईवर माझा विश्वास होता असं नाही. तिच्यावर संशय घेण्याइतकी मी तिथे गेले नव्हते, एवढंच.

"नाही," मी म्हणाले.

"दिवाळी पाडवा. भेटीचा काळ सत्तेचाळीस मिनिटं. ही भेट आपली होती का?"

सत्तेचाळीस. माझ्या आठवणीत ती अख्खी दुपार होती. मी ओवाळलं होतं, त्यांनी तबकात पाकीट टाकलं होतं, आम्ही दोघंच जेवलो होतो, आईची आठवण काढली होती, आणि ते मला म्हणाले होते, जा, गाडी चुकेल. हे सगळं सत्तेचाळीस मिनिटांत.

बार्शीकर कागद नीट करत होते. आवाजानं प्रश्न पुन्हा विचारला.

"नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी आलेली स्त्री मी नव्हते."

"आपण तिला ओळखता का?"

"नाही."

दोन्ही तांबड्या ओळी यादीतून गेल्या आणि खालच्या ओळी वर सरकल्या. जागासुद्धा मोकळी राहिली नाही.

"शहाण्णव," बार्शीकर म्हणाले. "भेटींत आमच्याकडे दुसरा नंबर लागतो तुमचा, माहितेय? लोक वर्षाला दोनदासुद्धा येत नाहीत हो." मग त्यांनी ताब्याचा नियम समजावला. फ्लॅट रिकामा करायच्या दिवशी निकट नातेवाइकानं फाटकातून पट्टीवरून चालत यायचं. हिरवा दिवा लागला की सामान बाहेर काढायची परवानगी आपोआप निघते. "तोवर तुमची चाल येईल जागेवर."

माझी चाल आता कधीच जागेवर येणार नव्हती. मी रिक्षा करून पुन्हा पूर्व भागात गेले.

सोमवारी पावणेदहाला आम्ही दोघी फाटकाशी उतरलो. माझ्या हातात रिकाम्या पिशव्यांची चळत होती आणि सुतळीचा गुंडा. लावण्यानं माझ्याकडून हिरवा बिल्ला घेतला, गळ्यात घातला, पदर खोचला आणि पट्टीवर पाय ठेवला. तिच्या उजव्या पायाचा भार किंचित बाहेरच्या कडेवर पडतो. तोच आता माझा भार होता. बारा पावलं. हिरवा.

"नमस्कार, मृणाल कुर्डूकर," भिंतीतून आवाज आला. "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

लावण्या क्षणभर थबकली. तिनं मान हलवली, जशी आपण मान हलवतो माणसासमोर.

"सोबत कोण आहे?" आवाजानं विचारलं.

सिद्रामनं खिडकीतून मान बाहेर काढली होती. लावण्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ना दया होती ना खुन्नस. कामावर असलेल्या बाईचा चेहरा होता.

"सामान बांधायला बाई आणलीय," ती म्हणाली.

सिद्रामनं माझ्या हातातलं लावण्याचं कार्ड स्कॅन केलं, तेवढंच कारण टाइप केलं आणि करडा बिल्ला पुढे केला. मी तो गळ्यात घातला. चाळीस मिनिटं सुरू झाली. ती पुढे निघाली होती, सी विंगकडे, मला माहीत नसलेल्या जवळच्या वाटेनं. मी पिशव्या उचलल्या आणि तिच्या मागून चालू लागले.